भिंतीतलं भोक

ताईने बाही कोपराच्या वर सारली आणि पडक्या पंपघराच्या भिंतीतल्या भोकात हात घातला. तिचा धाकटा भाऊ बाळ्या चार पावलं मागे सरकला.

"साप असला तर?"

"असला तर तुझ्यासारखाच घाबरून बसला असेल. फोन नीट धर."

फोन त्याच्या डाव्या हातात होता. उजवा नेहमीप्रमाणे खिशात. प्रेस मशीनखाली दोन बोटं गेल्यापासून दिसत नाही अशा जागी तो हातच घालत नसे, मग ती पत्रपेटी का असेना. उद्या सकाळी कारखान्यात पहिल्या पाळीला त्याच मशीनवर उभं राहायचं होतं. जमलं नाही तर नोकरी जाणार होती. जमेल, असं तो साहेबांना सांगून आला होता खरा, पण त्या जबड्यात पुन्हा पत्रा सरकवायचा या विचाराचीच भीती वाटे. घरी तो याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. ताईला सांगावं लागत नसे.

हा खेळ ताईला ऑफिसातल्या मैत्रिणीने शिकवला होता. कुणीतरी कुठेतरी डबी लपवतं आणि जागेचा ठावठिकाणा नेटवर टाकतं. आपण फोनवरच्या नकाशावरून ती शोधायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि होती तिथेच परत ठेवायची. रिकामटेकड्यांचे उद्योग, असं तो म्हणाला होता. घरात बसून बुरशी येईल, म्हणत तिने त्याला ओढतच आणलं होतं.

"लागली हाताला," ताई म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. "हात निघत नाहीये रे."

"डबी सोड."

"सोडली. मनगटाला काहीतरी गुंतलंय. बाळ्या, दुखतंय."

त्याने आजूबाजूला पाहिलं. कालव्याच्या वाटेवर चिटपाखरू नव्हतं. त्याने डावा हात घालून पाहिला, पण तिच्या दंडाआडून तो वळेना. कानात मशीनचा तो दणका घुमला. ताई कण्हली. त्याने डोळे मिटले आणि खिशातला हात बाहेर काढून आत घातला.

आत गार आणि ओलं होतं. बोटांना काहीतरी केसाळ लागलं. मूळ होतं. चाचपडत त्याने ते ओढलं, तसा ताईचा हात सुटला. त्याची बोटं मात्र डबीवर टेकली होती. त्याने ती घेऊनच हात काढला.

दोघांची नावं लिहून झाल्यावर ताई म्हणाली, राहू दे इथेच, भिंतीपाशी.

"होती तिथेच ठेवायची ना?"

या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. डबी नीट बसेपर्यंत त्याने हात आत ठेवला.

परतताना ताईने पर्समधून घड्याळ काढलं. पट्टा तिला काही केल्या लागेना.

"लावून दे रे जरा."

घड्याळ तिने काढलं कधी, ते त्याला आठवेना. त्याने उजव्या हाताने पट्टा धरला. तिचं मनगट उलटसुलट करून पाहिलं. साधा ओरखडाही नव्हता. हात अडकलाच नव्हता तर. ताई कालव्याकडे बघत राहिली.

त्याने पट्टा लावला. भीती होती तिथेच होती.

"ताई, उद्या पहाटे उठव मला. पहिली पाळी आहे."