भिकूमामांचं बोट

मी कंप्युटरचा माऊस. पोटात रबरी गोळी, पाठीवर दोन बटणं आणि मागे शेपटीसारखी वायर. घडलो कुठल्याशा परदेशी कारखान्यात, पण माझं खरं आयुष्य सुरू झालं महाडला, चवदार तळ्याजवळच्या एका माडीवर. तिथे नझीर आणि त्याची धाकटी बहीण आफिया प्रोग्राम बनवून देत. साल दोन हजार एक असावं.

माणसं पडद्याकडे बघतात. मला मात्र हात कळतात. नझीरचा हात घाईचा, आफियाचा सावकाश.

पोलादपूरच्या एका डॉक्टरांनी दवाखान्यासाठी प्रोग्राम मागितला. खिडकीवर पेशंटची नावं लिहून घेणारे, औषधं देणारे भिकूमामा जुने कंपाउंडर. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, मामांना कंप्युटर जमला तर ठीक, नाहीतर खिडकीवर दुसरं कुणी बसेल.

प्रोग्राम वापरायला सोपा कसा करावा याचे नियम नझीर मुंबईत शिकला होता, त्यांप्रमाणे त्याने तो तपासला. अक्षरं मोठी केली, चुकलं तर मागे येण्याची सोय केली. बऱ्याच चुका सापडल्या, हे खरं.

"भाई, एकदा मामांना चालवू दे. आपण नुसतं बघू," आफिया म्हणाली.

"बघायला मामा काय नवरी आहेत? नियम अनुभवी लोकांनीच केलेत ना? शिवाय वेळ कुठे आहे?"

त्याचा सौदीचा व्हिसा आला होता. आफिया सामान बांधायला लागली.

मला पोलादपूरला नेलं. मामांचा तळवा खरखरीत, औषधाच्या वासाचा. अंगठ्याशेजारचं बोट ताठ. कधीतरी कोयता लागला होता म्हणे. पेशंटचं नाव उघडायला माझं बटण पटकन दोनदा दाबावं लागे. ते बोट दुसऱ्यांदा उचलेपर्यंत मी सरकलेला असे. नाव काही उघडत नसे. खिडकीबाहेर माणसं खोळंबत. मामा हात सदऱ्याला पुसत आणि पुन्हा मला धरत.

सौदीला निघण्याआधी नझीरने दवाखान्यात फोन केला. "मामा, जमतंय ना?"

"जमतंय की रे. बेस हाय."

पोरांनी एवढी मेहनत केलेली, नाय कसं म्हणायचं, असं मामांना वाटलं असावं. पण त्यांच्या तळव्याला सुटलेला घाम माझ्या पाठीवर होता. मला बोलता आलं असतं तर!

महिना सरला आणि डॉक्टरांनी सेजल नावाच्या मुलीला खिडकीसाठी नेमलं. मामांच्या शेवटच्या दिवशी आफिया तिला शिकवायला आली. सेजल अजून आली नव्हती, मामा एकटेच बसले होते. नझीरसारखं 'जमतंय ना' असं आफियाने विचारलं नाही. शेजारी बसून ती फक्त त्यांचं बोट बघत राहिली. मग तिने मला हातात घेतलं. तिचा सावकाश हात कधी नव्हे तो घाईत होता. चहा गार व्हायच्या आत तिने प्रोग्राम बदलला. आता एकदा दाबलं की पुरे.

मामांनी दाबलं. नाव उघडलं. ते पडद्याकडे बघतच राहिले.

"आता सोपा झाला गो," ते म्हणाले. "त्या पोरीला बरा पडंल."

आणि पिशवी उचलून एसटी स्टँडकडे निघाले.

आता माझी गोळी झिजली आहे, मी खणात पडून असतो. नियम वाईट नसतात, बाळांनो. पण ज्याच्यासाठी वस्तू करता, त्याच्याजवळ एकदा गप्प बसून त्याचा हात बघा. तो कामावर असेपर्यंत बघा.