लाखाला एकोणीस कमी

जरा थांबा. त्या बोराटीच्या काट्यांखाली वाकून बघा. दगडाच्या फटीत करड्या काड्यांचा एक झुपका दिसतो ना? मीच बोलतेय. काड्या बोलत नाहीत हे मलाही ठाऊक आहे, पण एवढ्या माळावर माझ्या जातीची दुसरी कुणी उरलेली नाही. म्हणून मलाच बोलायला हवं.

आष्टीकडून गावात येताना उजव्या हाताला मुरमाचा हा माळ लागतो. माथ्यावर महादेवाचं लहानसं देऊळ आहे. मी देवळाच्या मागच्या अंगाला जन्मले. चौदा पावसाळे झाले. जन्माच्या वेळी मी खसखशीच्या दाण्याहूनही बारीक होते. वाऱ्याने या फटीत टाकलं आणि मी इथलीच झाले.

माझं कूळ मोठं आहे. लग्नाच्या स्टेजवर ती कार्नेशनची फुलं लावतात ना, ती माझ्या चुलतघरची. त्यांना थंड खोल्या, पाण्याचे फवारे. मला मुरूम. तरी घराण्याची खूण माझ्या अंगावरही आहे. माझ्या काडीला बोटांच्या पेरांसारखी फुगीर पेरं आहेत आणि पानं फुटतात ती त्या पेरांपाशीच. पानं सुईसारखी बारीक, म्हणजे उन्हाला प्यायला फार काही मिळू नये. उन्हाळ्यात मी वरून वाळून जाते. लोकांना वाटतं मेली. पण खाली बोटाएवढं जाड, लाकडासारखं मूळ असतं. मृगाचं पाणी पोचलं की त्यातून पुन्हा कोंब येतात.

आता फुलाचं सांगते, कारण सगळं त्यानंच झालं. श्रावणात माझ्या शेंड्यांवर पांढरे, चंदेरी गुच्छ येतात. लांबून बघणाऱ्याला गुच्छ म्हणजे एक फूल वाटतं. तसं नाही. एका गुच्छात तीस-चाळीस फुलं दाटीनं बसलेली असतात. आणि पांढरं दिसतं ते पाकळ्यांचं नसतं. पाकळ्या अगदी इवल्याशा, आत लपलेल्या. पांढरी असतात ती बाहेरची निदलं, कागदासारखी कोरडी. ती मुळात कोरडीच, म्हणून तोडली तरी कोमेजत नाहीत. पुढं त्याच फुलाच्या पोटात एक बोंड धरतं. बोंडाच्या मधोमध एक खांब आणि खांबाला चिकटलेलं बी. कार्तिकाच्या शेवटाला बोंड वरून उकलतं, वारा येतो, बी माळभर होतं.

एवढंच माझं आयुष्य. फुलायचं, वाळायचं, बी सांडायचं.

गावात मला नाव नव्हतं. चतुराबाई रोज शेळ्या घेऊन यायची. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला जातं, ती म्हातारी झाल्यापासून मागं राहते. ती शेळ्यांना म्हणायची, "खा गं बयांनो, चांदी लागलीय माळाला!" शेळ्या हुंगायच्या आणि पुढं जायच्या. कोरडं कोण खाणार? आमचं त्यात भलंच होतं.

मग शिवगंगाबाई आल्या. गावातल्या किराणा दुकानाचे मालक गुरुलिंग, त्यांच्या या घरच्या. मी आजवर पाहिलेल्या माणसांत इतकी मऊ बाई दुसरी नाही. दर सोमवारी उपाशीपोटी चढून यायच्या, पिंडीवर पाणी घालायच्या, उरलेलं मुंग्यांच्या वारुळापासून लांब ओतायच्या. त्यांच्या सुनेचं, स्वप्नालीचं, पोट दोनदा खाली झालं होतं. एकदा तिसऱ्या महिन्यात, एकदा पाचव्या. हे मला कसं कळलं? बाई देवाला सगळं मोठ्यानं सांगायच्या. देवळाची मागची भिंत काही जाड नाही.

त्या वर्षी पाऊस रुसला होता. दारातली शेवंती वाळली होती. बाईंनी वाटेवरच्या माझ्या बहिणीचे दोन गुच्छ खुडून पिंडीवर ठेवले. पुढच्या सोमवारी आल्या तर ते तसेच. पांढरेशुभ्र. बाईंनी एक उचलून बोटांत फिरवून पाहिला.

"महादेवा," त्या म्हणाल्या, "आठ दिवस झाले, यानं मान टाकली नाही. मी अशी एक लाख वाहते. टिकणारं फूल घे आणि टिकणारं लेकरू दे."

त्यांचा आवाज असा होता की मलाही वाटलं, माझ्या फुलण्याला काही अर्थ आहे. खोटं कशाला बोलू, मी त्या दिवशी खूष होते.

मोजायचं कसं, हा प्रश्न आला. गावातले महांतेश स्वामी देवळात होते, बाईंनी त्यांना विचारलं, "स्वामी, हा गुच्छ एक धरायचा, का आतली बारकी बारकी बोंडं मोजायची?"

"तुमच्या मनाला पटेल तसं, ताई. देव काय मोजत बसतोय?"

"तो न्हाई मोजत म्हणून तर आपण नीट मोजायचं. गुच्छ एक. देवाच्या कामात कसूर नको."

मी भिंतीमागून ओरडत होते. बाई, तो एक नाही! तुम्ही ज्याला बारकी बोंडं म्हणता, त्यातलं एकेक अख्खं फूल आहे! पण माझ्या ओरडण्याला आवाज कुठला.

पहिल्या श्रावणात बाई एकट्या खुडायच्या. शंभर झाले की डब्यात एक सुपारी टाकायच्या. पुढं भजनी मंडळाच्या बायका मदतीला आल्या. पुण्याचं काम, नाही कोण म्हणणार? सकाळपासून माळभर लुगडी-साड्या, हसणं, गाणं, कुणाच्या सुनेच्या तक्रारी. टोपल्या भरायच्या. दिवाळीपर्यंत चाळीस हजार झाले.

चतुराबाई दगडावर बसून बघायची. एकदा तिला राहवलं नाही.

"अगं शिवगंगे, देवाला फुलं वाहायलीस का देवाचा माळ मुंडायलीस?"

"आक्का, सुनेसाठी हाय ओ."

"सुनेसाठी हाय म्हणूनच गप हाय मी. न्हाईतर माझ्या शेळ्यांनी इतकं चरलं असतं तर तूच काठी घेऊन आली असतीस!"

सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. मग चतुराबाई उठली आणि आपल्या ओच्यात गुच्छ खुडून आणून बाईंच्या टोपलीत टाकले. "घे. आता माझं बी पुण्य लिव्ह."

वाहिलेली फुलं पायदळी येऊ नयेत म्हणून बाई ती पोत्यात भरून खालच्या पाझर तलावात सोडायच्या. रीतीनं, हात जोडून. त्या पोत्यांत आमचं सगळं बी होतं. पाण्यावर चार दिवस पांढरी साय तरंगायची, मग खाली बसायची. मुरमाच्या बियाला चिखलात कोण विचारतं? ते कुजलं.

दुसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा फुटलो. मुळं होती ना. पण नवं रोप एकही नव्हतं. म्हाताऱ्या होत्या त्याच फुलल्या, त्याच खुडल्या गेल्या. आमच्यात दरसाल काही म्हाताऱ्या उन्हाळ्यात जातात. त्यांच्या जागी लेकी उभ्या राहतात, म्हणून बघणाऱ्याला माळ तसाच वाटतो. आता लेकी नव्हत्या. जी गेली तिची जागा मोकळी राहिली.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे परवाच्या श्रावणात, बाई टोपली घेऊन दिवसभर फिरायच्या आणि संध्याकाळी तळाशी ओंजळभर गुच्छ असायचे. स्वप्नालीला दिवस गेले होते. तिसरा महिना सरला, पाचवा सरला. बाईंच्या पायांना वेग आला. शेजारच्या माळावर गेल्या, पलीकडच्या गावाच्या शिवेपर्यंत गेल्या. कार्तिक लागला आणि लाखाला एकोणीस कमी राहिले. कुठंच काही दिसेना.

मी बोराटीखाली. काट्यांमुळे इतकी वर्षं कुणाचा हात पोचला नव्हता; मागच्या दोन सालांचं माझं थोडं बी मात्र मुंग्यांनी नेलं होतं. माझ्यावर तेवीस गुच्छ होते. बोंडं भरत आली होती, पण अजून हिरवी. मी दिवस मोजत होते. आठ दिवस. फार नाही. आठ दिवसांनी ती उकलली असती आणि या माळावर माझ्या जातीचं काहीतरी राहिलं असतं.

सोमवारी सकाळी देवळापर्यंत रिक्षा आली. बाईंनी स्वप्नालीला आणलं होतं, शेवटची फुलं तिच्या हातून वाहायला. सातवा महिना, दम लागलेला. ती सावलीला मागच्या अंगाला येऊन दगडावर बसली, अगदी माझ्याशेजारी. बाई काठीनं बोराटी उचलून बघत होत्या.

"सापडली!" बाईंचा आवाज फुटला. "स्वप्ना, सापडली गं! मोज, मोज. वीस... बावीस... तेवीस! महादेवानं राखून ठेवली बघ!"

महादेवानं राखली होती हे खरं. कशासाठी, ते बाईंना वेगळं वाटलं.

त्यांनी पहिला गुच्छ खुडून सुनेच्या हातात दिला. स्वप्नाली आष्टीच्या कॉलेजात सायन्सला होती. तिनं सहज पदराची पिन काढली आणि गुच्छ तळहातावर उकलत बसली. बघता बघता थांबली.

"आत्या," सासूला ती आत्या म्हणते, "हे एक फूल न्हाई. हे बघा, प्रत्येकाला आपापलं बोंड हाय. एकेचाळीस हायत ह्याच्यात."

"असतील. मग?"

"मग तुमची लाखोली पहिल्याच श्रावणात झाली. दुसऱ्या-तिसऱ्या सोमवारीच."

बाई काठी धरून उभ्या होत्या. त्यांनी वळून माळाकडं पाहिलं. खालपर्यंत नुसता मुरूम. एक-दोन कुसळी गवताचे झुपके. मला वाटतं, तीन वर्षांत त्यांनी माळ असा त्या वेळी पहिल्यांदा बघितला.

"अगं, मग मी हे काय करून बसले?"

"तुम्हाला काय माहीत, आत्या. राहू द्या आता हे झाड. देव रागावणार हाय का?"

"देव न्हाई गं रागावत." बाईंनी डोळे पुसले. "मला भ्या वाटतं. मी त्याला गुच्छ बोलले होते. आता तुझ्या पोटात सातवा महिना असताना मी माप बदलू? काही कमीजास्त झालं तर जन्मभर मला वाटेल, एकोणीस गुच्छ वाचवले म्हणून झालं."

स्वप्नालीचा हात आपसूक पोटावर गेला. भीती तिलाही होतीच.

"बरं, एकोणीस घ्या," ती हळूच म्हणाली. "चार तरी राहू द्या."

"चार राहू दे," बाई म्हणाल्या. कपाळ माझ्या पानांना लागेल एवढ्या वाकल्या आणि पहिला धरून एकेक मोजून खुडलं. एकोणीस. माझ्यावर चार राहिले. चारांच्या पोटात बी कमी नसतं. मला पुष्कळ होते ते.

दोघी पुढं गेल्या. घंटा वाजली. स्वप्नालीनं फुलं वाहिली, बाईंनी आरती म्हटली. रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. मी वाऱ्याकडं लक्ष लावून होते.

आणि बाई परत आल्या. एकट्याच.

"तीन वर्षं झाली मोजतेय," त्या माझ्याशीच बोलत होत्या. "एखादी सुपारी चुकून जास्त पडली असेल तर? कुठं दोन-चार कमी भरली असतील तर?" त्यांनी काठीनं बोराटी पुन्हा उचलली. "मला माफ कर गं माय."

चारही गेले.

मला राग आला नाही. हे खरंच सांगते. त्या हातात पाप नव्हतं, नुसती भीती होती, आणि ती दुसऱ्याच्या लेकरासाठी होती. पण हिरवं बोंड तोडल्यावर आतलं बी पिकत नाही. ते पिंडीवर पांढरंशुभ्र राहिलं असेल, चार दिवस, आठ दिवस. आत काही नव्हतं.

पुढं थंडी पडली. मी पुन्हा एकदा कळी धरायचा प्रयत्न केला. जमिनीत ओल नव्हती, मुळात जोर नव्हता. त्यात वाळवी लागली. एका बाजूनं आत पोकळ झालं, मग दुसऱ्या बाजूनं.

पौषात चतुराबाई शेळ्या घेऊन आली आणि देवळासमोर एकटीच मोठ्यानं बोलली, "झाली बघ महादेवा, शिवगंगेच्या घरी नात झाली! लई गोरी न्हाई, पण वरडती लई!" मी ऐकलं. त्या दिवशी मला बरं वाटलं. बाईंनी मागितलं ते टिकलं.

तुम्ही कुठल्या माळावरून जात असाल आणि माझी एखादी बहीण तिथं फुललेली दिसली, तर देवाला जरूर न्या. पण झाडावर दोन गुच्छ वाळेपर्यंत ठेवा. कार्तिक सरेपर्यंत. तेवढंच मागते.

माझं म्हणाल तर आता फाल्गुन लागलाय. शिवगंगाबाई दर सोमवारी येतात. नातीला अजून उन्हात आणत नाहीत, एकट्याच येतात. देवळात गेल्या की आधी पिंडीवर पाणी घालतात, मग उरलेला तांब्या घेऊन मागं येतात आणि बोराटीचे काटे बाजूला करून माझ्या बुडाशी ओततात. अगदी थेंबाथेंबानं, वाहून जाऊ नये म्हणून. "फूट गं," म्हणतात. "पावसाळ्यात फूट. यंदा तुला कुणी हात लावणार न्हाई, मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

ते पाणी मुळाच्या पोकळीत शिरतं आणि वाळवीच्या वाटेनं खाली निघून जातं. मला ते लागत नाही. आता लागणारही नाही.

त्या पुढच्या सोमवारी पुन्हा येतील. तुमची भेट झालीच, तर त्यांना हे एवढ्यात सांगू नका.