सातवा रकाना

दोरीवर वाळणाऱ्या, उकळलेल्या पट्ट्या. वालूरच्या एका घराचा अर्धा जळका खांब. डॉक्टरांच्या वहीतला सातवा रकाना : टाके का उसवले? बायनाबाईच्या मनगटांवरचे वळ.

"काय लिवायलाव मामा?" नर्स कमलबाईनं विचारलं.

"खोकला," सटवाजी ड्रेसर म्हणाला.

"कवा खोकली ती?"

सटवाजीनं टाक शाईत बुडवला.

पोलीस ॲक्शन होऊन चार वर्षं झाली होती. त्याआधीच्या धामधुमीत जे होरपळले, त्यांतले कितीतरी अजून झोपेत किंचाळत. ऑपरेशननंतर अशांचेच टाके जास्त उसवतात का, हे डॉक्टर दिनकरराव सटवाजीकडून त्या वहीत नोंदवून घेत होते. कमलबाई थट्टा करायची, "साहेबाला भेव तोलायचंय, तराजू आना."

आज ती थट्टा करत नव्हती. "हात तुमी बांधले मामा."

"समद्यांचेच बांधतो. गुंगीत पट्टी वढत्यात."

खरंच होतं. वीस वर्षं तो मऊ पट्टीनं, सैल गाठीनं हात खाटेला बांधत आला होता. पण बायनाबाईला त्या धामधुमीत वालूरला खांबाला बांधून समोर तिचंच घर पेटवलं होतं. क्लोरोफॉर्म उतरला, हात हलेनात, तशी ती ओरडली, "सोडा! धनी आत हायेत!" कमलबाई धावत येईपर्यंत पोटाचे टाके तुटले होते.

डॉक्टरांनी वही पाहिली. "खोकला? आधीपासून होता?"

"व्हय जी."

"मग हिला यातून वगळायला हवं. खोकल्याचा अन् भीतीचा काय संबंध?" त्यांनी तिच्या नावावर आडवी रेघ मारली.  सटवाजी पट्ट्यांचं घमेलं उचलून वॉर्डात गेला.

पुन्हा शिवलेली बायनाबाई छताकडं बघत होती. "माजंच चुकलं का वो मामा? लय हिसके देले मी."

"न्हाई बाई. तुला खोकला आला व्हता."

"मला?" तिनं आठवून पाहिलं. "आला आसंल. तुमी मनता तर आला आसंल."

त्यानं जखमेवरची पट्टी बदलली. शनिवारच्या टपालानं डॉक्टरांच्या नोंदींचे कागद हैदराबादला गेले.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी बायनाबाईनं सटवाजीला सांगितलं होतं, हात तेवढे बांधू नका. आणि तो 'बरं' म्हणाला होता.