वरची खिडकी

भिंगकाकांनी टीव्हीचा पडदा तिसऱ्यांदा पुसायला घेतला, तेव्हा मुलीला राहवलं नाही.

“बाबा, पुरे आता. झिजेल तो.”

“मऊ फडक्याने काही होत नाही,” भिंगकाका म्हणाले. “काय कशाने झिजतं, ते तू मला शिकवू नकोस.”

शिकवण्यात अर्थ नव्हताच. चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या नंबरच्या काचा फ्रेमच्या मापाला घासून बसवण्यात या माणसाची उभी हयात गेली होती. पुढे दुकानात आरसे, दिवे, गोड बोलणारे विक्रेते. मागे हे, ते दगडी चाक आणि त्यावर पडणारी पाण्याची धार. भिंगकाका हे नाव तिथलंच, आणि निवृत्तीनंतरही ते चिकटून राहिलं. पण त्यांचा जीव खरा रमायचा तो घरी, भिंतभर लावलेल्या सिनेमांच्या कॅसेटींत. तेही साधेसुधे सिनेमे नव्हेत. एखादी बाई स्वयंपाकघरात दहा मिनिटं नुसती बसून राहते आणि मग उठून दार लावते, असले. बायको बिचारी बटाटे सोलत शेजारी बसायची आणि म्हणायची, “अहो, त्या पिक्चरमधली माणसं एवढा वेळ गप्प बसतात, मग तुम्हालाच मधेमधे बोलायला काय होतं?”

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. आणि आज कुरिअरने जो सिनेमा यायचा होता, त्यात ती होती.

लग्नानंतर ती दोघं एका अरुंद गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत राहत होती. एकदा त्या गल्लीत शूटिंगवाले आले. खिडक्या लावून घ्या, कुणी डोकावू नका, असं ओरडत एक माणूस गल्लीभर फिरला. भिंगकाका कामावर होते. बायको नुकतीच न्हाऊन आली होती. बाहेर एवढा तमाशा चाललेला असताना आपण खिडकी लावून बसायचं, हे काही तिच्याच्याने होणार नव्हतं. तिने खिडकी उघडली, वाकून खाली पाहिलं आणि पाहतापाहता ओले केस झटकले. खालून नटी चालली होती. तिच्या गालावर पाणी उडालं. तिने गाल पुसला, वर पाहिलं. दोघींची नजरानजर झाली, तशी बायकोने जीभ चावली आणि खिडकी ओढून घेतली.

संध्याकाळी भिंगकाका घरी आले तर ही दारातच उभी.

“अहो, मी पिक्चरमध्ये आले!”

“काहीतरीच. असलं सगळं कापतात ते.”

“बघाच तुम्ही!”

सिनेमा त्यांच्या शहरात लागलाच नाही. जिथे लागला तिथेही आठवडाभरात उतरला. पुढे मुलगी शाळेत जायला लागल्यावर कधीतरी त्याची व्हिडिओ कॅसेट निघाली. भिंगकाकांनी ती पैदा केली, लावली, आणि नटी गल्लीत शिरली तशी पडद्यावर अगदी वरती एक खिडकी उघडली. वाकलेली, केस झटकणारी, जीभ चावणारी ही! बायकोने हातातला बटाटा हवेत उडवला. “म्हटलं नव्हतं? बघा, बघा! परत लावा!” त्या संध्याकाळी बटाटे काही शिजले नाहीत.

काही वर्षांनी त्या सिनेमाला थोरपण आलं. जाणकारांनी त्या गाल पुसण्यावर पानंच्या पानं लिहिली. नटी वर बघते ती नियतीकडे बघते, असा एकाने शोध लावला. भिंगकाकांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा बायको हसूनहसून बेजार झाली. “नियती कसली डोंबलाची! माझ्याच केसांचं पाणी ते.”

ती गेल्यावर भिंगकाका रोज जेवण आटोपलं की कॅसेट लावायचे आणि खिडकी उघडली की चित्र थांबवायचे. तसेच बसून राहायचे. मग एक दिवस खिडकीच्या जागी नुसते पांढरे पट्टे यायला लागले. मेकॅनिकने व्हीसीआर तपासला, कॅसेटही उघडून पाहिली.

“मशीन ठणठणीत आहे, काका,” तो म्हणाला. “चित्र थांबवलं, की आतलं हेड टेपवर एकाच जागी फिरत राहतं. या तुकड्यावर किती वर्षं फिरलंय बघा! बाकी टेपला काही झालेलं नाही. एवढी जागा तेवढी तुम्ही बघूनबघून संपवलीत.”

भिंगकाका घरी येऊन लहान मुलासारखे रडले. बायकोचे फोटो होते, पण त्यांत ती चारचौघींसारखी ताठ उभी होती, कुणीतरी हलू नकोस म्हणून दटावल्यासारखी. हलणारी ती तेवढीच होती. मुलीने आधीच कितीदा सांगितलं होतं की बाबा, त्या कॅसेटची कॉपी करून ठेवू या. त्यावर यांचं उत्तर ठरलेलं असायचं: “असल्या फिक्या चित्राची कॉपी? संग्राहक आहे मी, भंगारवाला नव्हे. चांगली आवृत्ती निघेल, तेव्हा घेऊ.”

आता ती आवृत्ती निघावी म्हणून ते हात धुऊन मागे लागले. जुने सिनेमे साफसूफ करून डिस्कवर काढणारी एक छोटी कंपनी होती. फोनवर संग्राहकांचा एक गट होता. भिंगकाकांनी गटातल्या सगळ्यांना भरीला घातलं, कंपनीचं डोकं खाल्लं आणि एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत लावून धरली: चित्र दिग्दर्शकाने ठरवलेल्या मूळ चौकटीतच हवं. कॅसेट काढणारे रुंद चित्र टीव्हीत बसवायला दोन्ही बाजूंच्या कडा कापतात, हे कुठलाही संग्राहक झोपेतसुद्धा सांगेल. त्या कडा परत आल्या की गल्ली पूर्ण दिसेल, आणि तिच्यावर बायकोची खिडकी, अगदी स्वच्छ, असा त्यांचा हिशेब होता. कंपनीने सगळं मान्य केलं. तारीख जाहीर झाली त्या दिवशी भिंगकाकांनी गटावर ऐटीत लिहिलं, ‘मंडळी, आता जुन्या कॅसेटी खुशाल फेकून द्या.’

बेल वाजली. भिंगकाकांनी पार्सल घेतलं, हात धुतले, पुसले, मग ब्लेडने वरचा प्लास्टिकचा कागद कापला. एवढ्याशा कामाला त्यांना इतका वेळ लागला, की मुलगी हसली.

“सरळ आईवरच जाऊ या का, बाबा?”

“नाही. पहिल्यापासून बघायचं.”

“बरं बाबा, पहिल्यापासून.” ती जवळ येऊन बसली. खास रजा काढून आली होती. एरवी बापाच्या या छंदावर तिचा राग होता. आईपेक्षा तुम्हाला हे कॅसेटींचे डबे जास्त प्यारे, असं ती एकदा तोंडावर बोलली होती. आज तिचा आवाज वेगळा होता. “मला आई डोळ्यांपुढे येते ना, ती शेवटचीच येते. हॉस्पिटलमधली, नाकात नळी असलेली. त्याच्या आधीची आठवायला जाते, तर आठवतच नाही. भीती वाटते मग.”

“आज बघशील,” भिंगकाका म्हणाले. “बघून पोट भरेपर्यंत बघ. डिस्क आहे, झिजायची भीती नाही.”

सिनेमा सुरू झाला. कॅसेटवर राखाडी वाटणारा नटीचा कोट चक्क हिरवा निघाला. भिंतींचे पोपडे मोजून घ्यावेत असे दिसत होते. एवढं स्वच्छ आहे, म्हणजे तिचे डोळेसुद्धा दिसतील, त्यांच्या मनात आलं. त्यांचा जीव टांगणीला लागला होता आणि सिनेमा तर नेहमीप्रमाणे सावकाशच चालला होता.

नटी गल्लीत शिरली. त्यांच्या घराचं खालचं दार आलं. भिंगकाकांनी मुलीचा हात धरला. नटी दोन पावलं पुढे आली, तिने गाल पुसला, वर पाहिलं, आणि ती निघून गेली.

मुलगी पडद्याकडे बघतच राहिली होती. “कुठंय?”

“मागे घे.”

तिने मागे घेतलं. नटीने गाल पुसला, वर पाहिलं.

“परत घे. नीट.”

तिने परत घेतलं. मग ती उठून पडद्याजवळ गेली आणि वरच्या कडेवर बोट फिरवलं. “बाबा, भिंत आहे आणि मग चित्रच संपतंय. खिडकी नाहीच.”

“असं कसं होईल? रुंद झालंय ना चित्र?”

“रुंद आहे. पण वर काही नाही.”

डिस्कवर सिनेमाच्या कॅमेरामनची एक मुलाखत होती. आता म्हातारा झालेला, खुशालचेंडू वाटणारा माणूस. मुलीने ती लावली आणि पुढेपुढे नेत गल्लीची गोष्ट निघेपर्यंत शोधली.

“तो गल्लीतला शॉट ना?” कॅमेरामन सांगत होता. “लोक ऐकायला तयार नव्हते हो! खिडक्यांतून डोकावत होते. मी वैतागलो. दिग्दर्शक म्हणाला, डोकावू दे रे, आपली चौकट खिडकीच्या खालीच संपते. फिल्मवर वर-खाली थोडं जास्तीचं उतरतंच, थिएटरात ते झाकून दाखवायचं असतं. कॅसेट काढणाऱ्या गाढवांनी टीव्ही भरायला ते सगळं उघडं टाकलं! इतकी वर्षं लोकांनी तो शॉट वरच्या कुठल्यातरी बाईसकट बघितला. आता ती चूक सुधारली, फार बरं वाटलं.”

मुलीने घाईघाईने बंद केलं. व्हायचं ते होऊन गेलं होतं.

“कडा कापलेल्या नव्हत्याच,” भिंगकाका म्हणाले. दुकानात काचेचं माप सांगावं तसा त्यांचा आवाज निघाला. “वरचं चुकून उघडं राहिलं होतं. तेवढ्यातच होती ती.”

“कंपनीला कळवू या आपण. मी लिहिते.”

“काय लिहिशील? चौकट बरोबर आहे त्यांची. मीच मागितली होती. मीच, गं! भांडून मागून घेतली.”

जन्मभर त्यांनी फ्रेमबाहेर जाणारी काच घासून टाकली होती. तिची भुकटी पाण्याबरोबर मोरीत जायची. तिच्याकडे वळून बघण्याची त्यांना कधी गरज पडली नव्हती.

फोन सारखा वाजत होता. गटावर आनंदीआनंद चालला होता. ‘चौकट एकदम अचूक!’ ‘भिंगकाका, तुमचे उपकार!’ कुणी हात जोडल्याची चित्रं पाठवत होतं, कुणी टाळ्यांची. मुलीने फोन उलटा करून ठेवला.

तेवढ्यात भिंगकाका ताडकन उठले. “दाताचे डॉक्टर! त्यांच्याकडे पण होती ही कॅसेट.”

दाताचे डॉक्टर म्हणजे गटातलेच एक संग्राहक. भिंगकाकांनी घाईघाईत नंबर लावला, तो दोनदा चुकला. पलीकडून डॉक्टरांचा खणखणीत आवाज आला.

“अभिनंदन, भिंगकाका! काय चित्र आहे हो!”

“डॉक्टर, तुमची ती जुनी कॅसेट...”

“कुठली? याच सिनेमाची? ती गेली की कचऱ्यात! तुम्हीच नाही का लिहिलंत, फेकून द्या म्हणून? बायको केव्हाची मागे लागली होती, तुमचं लिहिलेलं तिला दाखवलं आणि एकदाचं कपाट रिकामं केलं. का हो?”

“काही नाही,” भिंगकाका म्हणाले. “सहज विचारलं. छान आलंय चित्र.”

त्यांनी फोन ठेवला. मुलीने आणखी कुणाकुणाला विचारू या म्हटलं, एकदोघांना लावूनही पाहिलं. उत्तर तेच आलं. भिंगकाकांचा शब्द गटात प्रमाण होता, कुणी मोडला नव्हता.

मग ती रडली. मोठ्याने नाही, तोंडावर ओढणी धरून. “मला बघायचं होतं हो तिला,” एवढंच म्हणाली. कॉपी करून ठेवू या, हे तिनेच सांगितलं होतं, आणि आज तिने ते एकदाही काढलं नाही. तिने ते बोलून दाखवलं असतं, तर त्यांना बरं वाटलं असतं. थोड्या वेळाने ती डोळे पुसून चहा टाकायला आत गेली.

भिंगकाकांनी रिमोट उचलला. गल्ली आली, खालचं दार आलं. नटीने गाल पुसला. तिने वर पाहिलं तिथे त्यांनी चित्र थांबवलं आणि खुर्ची ओढून ते अगदी पडद्याला नाक लागेल इतके जवळ बसले.

कॅसेटवर त्यांनी नटीकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. आता तिच्या पापण्या मोजता येत होत्या. गालावर एक थेंब राहिला होता, पुसायचा. तिला आधी राग आला असावा, पण तो मावळून ओठांच्या कोपऱ्यात हसू यायला लागलं होतं. वर कुणीतरी जीभ चावल्यावर येईल, तसं.

मुलगी दोन कप घेऊन आली आणि उभीच राहिली. “काय बघताय, बाबा?”

“हिला बघतोय,” भिंगकाका म्हणाले. “हिला दिसतेय ती.”

मुलीने कप खाली ठेवले आणि ती त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. दोघं पडद्याकडे बघत राहिले. नटी मान वर करून थांबली होती. चित्र जरासुद्धा थरथरत नव्हतं. ते आता कितीही वेळ थांबवून ठेवलं, तरी झिजणार नव्हतं.