पाठीवरची 'निकामी' चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळ बसतो. माझ्या पाठीवर 'निकामी' अशी चिठ्ठी डकवलेली आहे. ती वाचून तुम्ही फिदीफिदी हसता आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून आज सगळं सांगूनच टाकतो.

माझी भिंगं घासणारा कारागीर फार चिकाटीचा होता. इवलासा ओरखडा दिसला तरी तो सगळं काम पहिल्यापासून करायचा. अशा हातांतून निघून मी एका मोठ्या प्रयोगशाळेत रुजू झालो. तिथे पेशी पाहायचं काम होतं. पेशीच्या पातळ पडद्यात ग्राही नावाची प्रथिनं असतात. बाहेरून आलेला निरोप धरायचा आणि आत पोचवायचा, हे त्यांचं काम. तिथले मोठे सर ठासून सांगत, की हे काम प्रत्येक ग्राही एकट्याने करतो.

तुमच्या विज्ञानाच्या बाई तेव्हा त्यांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. त्यांनी अर्धे ग्राही हिरवे रंगवले, अर्धे लाल. सरांची शिस्त अशी, की पेशींची बशी बर्फातून काढून थेट माझ्याखाली ठेवायची, म्हणजे चित्र हलत नाही. अहो, गारठलेले ग्राही हलतील कसे? एकदा बाईंनी बशी अंगाच्या उबेइतकी गरम राखली आणि निरोपाचं द्रव्य थेंबभर टाकलं. ठिपके सरकू लागले, एकमेकांना गाठू लागले. हिरवा-लाल जोडीने फिरू लागला, की दोघांचा प्रकाश मिसळून तिथे पिवळं दिसे. निरोप आत पोचल्याची खूणही जोडी जमल्यावरच उमटली.

सर क्षणभर वाकून म्हणाले, "हे यंत्र म्हातारं झालंय. एक रंग दुसऱ्यावर दाखवतंय."

बाई म्हणाल्या, "सर, भिंगात दोष असता तर थंड पेशींतही पिवळं दिसलं असतं. तिथे एकही ठिपका पिवळा नाही."

सरांनी टेबलावरचा कागद ओढला. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि स्वतःच्या हाताने माझ्या पाठीवर चिकटवली. बाईंचं तीन वर्षांचं काम बाद झालं, जागाही गेली. मी अडगळीत धूळ खात पडलो.

वर्षभराने नवं यंत्र आलं. ते पेशी आपोआप उबदार ठेवी. त्यातही तेच पिवळे ठिपके! ग्राही जोडीने काम करतात, असा शोधनिबंध सरांनी छापला, त्यावर नाव एकट्याचंच. मला भंगारात काढलं, तेव्हा तुमच्या शाळेत शिकवू लागलेल्या बाईंनी अर्ज करून इथे मागून घेतलं.

मित्रांनो, माझ्या भिंगांना बोटं लावू नका, काम झालं की झाकण घाला. आणि शेजारच्याला वेगळं काही दिसलं, तर त्याच्यावर खापर फोडण्याआधी आपली बशी तपासा.

काल तुमच्यातली एक मुलगी ती चिठ्ठी नखाने खरवडत होती. बाईंनी तिचा हात धरला. म्हणाल्या, "राहू दे. ज्यांनी लावली, त्यांनीच येऊन काढायची."

सर अजून आलेले नाहीत.