चौऱ्याहत्तर आणि एकशे नऊ

फुलसिंग सुईला भ्याला आणि पळाला, एवढंच तर झालं होतं. दोन वर्षांपूर्वी मुकुटबनच्या शाळेत सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीचं शिबिर भरलं होतं. हा चांगला सहा फुटी गडी, ट्रकवर हैदराबादपर्यंत जाऊन आलेला. रांगेत उभा राहिला, नाव लिहून दिलं, एकसष्ट नंबर घेतला, वाटलेलं केळं खाल्लं आणि सुई दिसल्याबरोबर खिडकीतून पसार! सारी शाळा हसली. टेबलावर बसून नावं लिहिणारी मैत्रेयीही पोट धरून हसली. तेव्हा कुणाला काय माहीत!

मैत्रेयी मुकुटबनचीच. विद्यापीठात डेटा मायनिंगमध्ये पीएचडी करते. आता गावात हे सांगायची सोय आहे का? तिची मोठी आई, म्हणजे थोरल्या काकांची बायको कौसल्याबाई, हिनं ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला होता. "एवढं शिकून खदानीत कायले चालली वं पोरी?" मग मैत्रेयीनं बसून समजावलं, की लाखो माणसांच्या नोंदी एका जागी ठेवायच्या आणि एरवी डोळ्यांना न दिसणारं त्यातून शोधून काढायचं, ते हे काम. मोठ्या आईची पहिली मुलगी नवव्या वर्षी सिकलनं गेली होती, हाडं दुखतात म्हणून रडत रडत. "शोधाचंच असन तं हे शोध," ती म्हणाली.

म्हणून मैत्रेयीनं तेच शोधायला घेतलं. जिल्हाभरच्या शिबिरांच्या नोंदी, दीड लाख माणसं. मुकुटबनच्या शिबिराची कार्डं तर तिनंच तयार केली. मोठ्या आईच्या मुलाच्या, धम्मरत्नच्या कार्डावर 'निरोगी' आलं तेव्हा बाईनं ते कार्ड बुद्धाच्या तसबिरीपाशी नेऊन ठेवलं. नवरा-बायको दोघंही वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट पण रक्तात दोष असलेले, असले तरच लेकराला धोका असतो, हे तिला सतरा वेळा सांगून झालं होतं. तरी सून पाहताना तिचा एकच हट्ट, आधी कार्ड, मग चहापोहे. वाहक निघालेलं एक चांगलं स्थळ तिनं दारातूनच परत पाठवलं. सुरभीचं कार्ड निरोगी होतं, ती पसंत पडली. त्याच शिबिरात आपल्या आईबरोबर येऊन तिनं रक्त दिलं होतं. आता तिला सातवा महिना होता.

आणि मग तो सोमवार. मैत्रेयी लॅबमध्ये नोंदी स्वच्छ करत बसली होती. आई-बाप दोघंही निरोगी आणि लेकरू वाहक, असं होत नसतं. तसं कुठं दिसलं तर ती नोंद चुकीची धरायची. प्रोग्राम चालवला. दीड लाख माणसांत अशी सात कुटुंबं निघाली. सातही मुकुटबनची. आणि साऱ्यांचे नंबर एकसष्टच्या पुढचे.

नावं होती एकशे त्रेचाळीस, रक्ताच्या नळ्या एकशे बेचाळीस. तपासणीवाल्यांनी निकालांची नुसती ओळीनं यादी पाठवली होती, आणि या मैत्रेयीबाईनं ती न मोजता नावांच्या शेजारी चिकटवली होती. पळून गेलेल्या फुलसिंगला पुढच्याचा निकाल गेला, त्या पुढच्याला त्याच्याही पुढच्याचा, असं शेवटपर्यंत. तळाला एक ओळ अर्धी रिकामी राहिली. ती तिनं कचरा म्हणून उडवली. अगं, बोटं मोजली असती तरी सापडली असती गं!

तिनं निकाल एक ओळ खाली सरकवले. सातच्या सात कुटुंबं नीट जुळली.

"घाबरू नकोस," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "आरोग्य खात्याला पत्र लिहू. नवी कार्डं निघतील." सरांचंही खोटं नव्हतं. पण नियमाप्रमाणे तिनं नोंदींतली नावं केव्हाच पुसली होती. हाती उरले नुसते नंबर. कोणता नंबर कुणाचा, ते ज्याच्या त्याच्या घरातल्या कार्डावर. तिनं धम्मरत्नला फोन लावला.

"धम्मा, तुह्या कार्डावरचा नंबर वाच."

"काहून वं ताई?"

"वाच नं."

"चौऱ्याहत्तर."

"अन् सुरभीचा?"

"एकशे नऊ. काहून, इनाम लागलं का आमाले?"

तिनं दोन्ही ओळी पाहिल्या. वाहक. वाहक. "उद्या येते मी," एवढंच कसंबसं बोलून तिनं फोन ठेवला आणि चार माणसांदेखत ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी दोघांना पांढरकवड्याच्या दवाखान्यात नेऊन पुन्हा रक्त तपासलं. तेच निघालं. डॉक्टरीणबाईंनी सुरभीला विचारलं, "आधी का नाही सांगितलं?"

"मी तं दर टायमाले कार्ड दाखवत होती," सुरभी म्हणाली.

बाईंनी मैत्रेयीकडे पाहिलं नाही, ही त्यांची मेहरबानी. पोटातल्या बाळाची तपासणी करायचे दिवस निघून गेले होते. बाळ जन्मलं की टाचेतून रक्त घेता येईल, म्हणाल्या. तोवर जेवायचं, गोळ्या घ्यायच्या, वाट पाहायची.

येताना बसमध्ये धम्मरत्न खिडकीबाहेर बघत राहिला. "शिव्या दे नं मले," मैत्रेयी म्हणाली. "शिव्या देऊन पलटते का ते?" तो म्हणाला. त्यानं दोन मुस्काटात दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

मग ती गावात घरोघर फिरली. कुणी कार्ड हरवलेलं, कुणी पोटापाण्यासाठी तेलंगणात गेलेलं. एकानं तर दार अर्धं लोटलं. "तवा निरोगी म्हणे, आता वाहक म्हणे. उद्या काय म्हणसान?"

मोठी आई दोन दिवस तिच्याशी बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी सूप बाजूला सारून तिच्यापुढं येऊन बसली.

"तुह्या कम्पुटरात दीड लाख माणसं हायेत म्हणते नं तू?"

"हो, मोठी आई."

"मंग पाह्य त्यात. सुरभीच्या लेकराले होते का नाही."

आईबाप असे असले तर शंभर लेकरांतल्या पंचविसांना हा आजार होतो, पंचाहत्तर सुटतात, असं मैत्रेयीनं हळूहळू सांगितलं.

"मले शंभर लेकरं नाही पाह्यजे," मोठी आई म्हणाली. "एकच हाय. त्याचं सांग."

"ते नाही सांगता येत."

"पाह्य तं खरं एकदा."

आत काही सापडणार नाही हे ठाऊक असूनही मैत्रेयीनं लॅपटॉप उघडला. मोठी आई पदरानं डोळे पुसून तिच्याजवळ सरकली आणि पडद्याकडे बघत बसली.