शंभरावा दिवस

नेत्रपेढीत तिला सगळे यादीवाली म्हणत आणि घरी मावशी भिंगरी म्हणे. दोन्ही नावं तिला शोभायची. कुणाला बुब्बुळ आधी मिळणार ती यादी तिने लिहिलेल्या प्रोग्रामवर चालायची, आणि एका जागी पाच मिनिटं बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. त्यात आजचा दिवस! सकाळपासून तिने तीनदा पाण्याची बाटली भरली आणि तिन्ही वेळा घोटही न घेता तशीच ठेवली.

कारण साधं होतं. चार वाजता एक बुब्बुळ येणार होतं, आणि यादीत पहिलं नाव मावशीचं होतं.

मावशीनेच तिला लहानाचं मोठं केलं. मावशीची उभी हयात ग्रंथालयात पुस्तकांची कार्डं लावण्यात गेली, आणि भाचीला वाचायलाही तिने शिकवलं ते त्या कार्डांच्या खणापुढे उभं करून. "आधी पहिलं अक्षर बघायचं. ते सारखं असलं तरच दुसरं. उगाच पुढे धावायचं नाही." आता मावशीचा एक डोळा कायमचा गेला होता आणि दुसराही चालला होता. महिनाभरात नवं बुब्बुळ बसलं तर बसलं, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काल मावशीने कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून उशाशी ठेवलं. वाचता येत नव्हतंच, नुसतं ठेवलं.

पावणेतीनला फोन वाजला. शिंपीकाका. दर मंगळवारी हे आपला नंबर विचारत, आणि दर मंगळवारी त्यांना तेच उत्तर मिळे.

"काका, तुमचा नंबर अजून ऐंशीच्या पुढेच आहे."

"ते ठाऊक आहे हो. आज दुसरंच विचारायचंय. चारेक महिन्यांपूर्वी एक दिवस मी पहिला होतो. तुमच्याच इथून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर एकदम तळाला! माझं काही चुकलं का? कुणाला उलटसुलट बोललो का मी? सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागते, बाई. लाज वाटते."

"बघते," असं म्हणून तिने फोन ठेवला. नाव टाकलं की नुसता नंबर कळायचा; पडद्यावर यादीतली पहिली दहाच नावं दिसत, आणि त्याखाली जायची गरज कधी कुणाला पडली नव्हती. आज ती खाली गेली. एकाला बावीस दिवस झालेले. त्याखाली शिंपीकाका, दोनशे तेरा दिवस. त्यांच्याखाली कुणीतरी, एकवीस दिवस.

तिने प्रोग्राम उघडला.

प्रत्येक रुग्णाची तिने तीन आकड्यांची ओळ केली होती: तातडी, थांबलेले दिवस, वय. दोन ओळी शेजारी ठेवायच्या, पहिल्याशी पहिला ताडायचा, बरोबरी झाली तर दुसऱ्याशी दुसरा. इथवर सगळं ठीक. पण दिवसांचा आकडा तिने आकडा म्हणून ठेवलाच नव्हता, मजकूर म्हणून ठेवला होता. मावशीच्या कार्डांवर असे तसा, नवाचा शून्य-नऊ करून, दोन खणांत नीट. शंभरी कुणी गाठेल असं तेव्हा वाटलंच नव्हतं. आणि मजकूर म्हटल्यावर यंत्र शब्दकोशासारखं अक्षर-अक्षर बघतं. नव्व्याण्णव नवाने सुरू होतो, शंभर एकाने. नऊ मोठा. झालं, पुढे बघायचं कारणच नाही. म्हणजे ज्याचे शंभर दिवस भरले तो त्याच दिवशी तळाला.

भिंतीवरच्या फलकावर तर डॉक्टरांनी अभिमानाने लिहून ठेवलं होतं: आपल्याकडे शंभर दिवस कुणालाच थांबावं लागत नाही!

असे बुडालेले सात जण निघाले, तातडी सगळ्यांची मावशीइतकीच, आणि त्यांत सगळ्यांत जुने शिंपीकाका. मावशीचा आज नव्व्याण्णवावा दिवस होता.

तिने खुर्ची मागे ढकलली. जिन्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. चार वाजून पाच मिनिटांनी सांगितलं तर कुणाचं काय बिघडतं? चूक काही आजची नाही. दोनशे तेरा दिवस थांबलेला माणूस आणखी आठवडाभर थांबेल. मावशीला तेवढे आठवडे नाहीत. हे सगळं अगदी पटण्यासारखं होतं, आणि म्हणूनच तिला स्वतःची किळस आली. कानात मात्र एकच घोळत होतं: माझं काही चुकलं का?

साडेतीनला तिने डॉक्टरांचं दार ढकललं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी तिने आणलेल्या कागदावरची सात नावं वाचली. "पहिलं नाव तुमच्या मावशींचं होतं ना?"

"होतं."

"दुरुस्तीला किती वेळ?"

"एक ओळ आहे. पाच मिनिटं."

शिंपीकाकांना फोन तिनेच केला. "काका, तुमचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं. लगेच निघा." पलीकडून रडण्याचा आवाज आला.

घरी मावशी दाराशी खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर कपड्यांची पिशवी.

"निघायचं ना?"

"मावशी, मी कोशाचा नियम आकड्यांना लावला."

तीन वाक्यांत मावशीला सगळं कळलं. डॉक्टरांना दहा लागली होती. "म्हणजे शंभर दहाच्या शेजारी जाऊन बसला? गाढव आहेस," मावशी म्हणाली. मग हळू आवाजात, "आता मी कितवी?"

"आठवी."

मावशीने बोटांवर आठवडे मोजले आणि मूठ मिटली. "चारनंतर सांगितलं असतंस तर?"

भिंगरी तिथेच फरशीवर बसून रडू लागली.

"रडू नकोस. मला राग आलाय, खरा राग आलाय. थोडा वेळ माझ्याशी बोलू नकोस."

दोघी तशाच बसून राहिल्या. दारातलं ऊन भिंतीवर चढलं. भिंगरी एकदाही उठली नाही. मग मावशी चाचपडत आत गेली, उशाजवळचं पुस्तक घेऊन आली आणि तिच्या मांडीवर टाकलं.

"वाच. पहिल्या पानापासून. आणि उद्या माझे शंभर भरतात, ते शंभरच मोज."